मोठीआईच्या हातची वेणी

धाकटी दातांच्या कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर ती गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायची आणि रंग जुळवून एकेक दात बसवायची. तिचा हात इतका हलका होता, की कवळी लावणाऱ्याला ते स्वतःचेच दात वाटायचे. पण त्याच हातांना स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीची वेणी घालता येत नव्हती, आणि हे तिला एखाद्या किडक्या दाढेसारखं ठणकायचं.

मुलगी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. केस दाट, काळेभोर, पाठभर रुळणारे. धाकटी कामावर गेली की भिंगरी समोरच्या घरात असायची. तिथे थोरली राहायची, धाकटीची मोठी जाऊ. दोन्ही घरांच्या दारांमध्ये जिन्याएवढंच अंतर. थोरलीची ठकी सात वर्षांची. ती शाळेतून आली की दोघी पोरी खेळायच्या, भांडायच्या, पुन्हा गळ्यात गळे घालायच्या. भिंगरी थोरलीला 'मोठीआई' म्हणायची. नात्याने ते बरोबरच होतं. पण धाकटीला वाटायचं, ती मोठी आई, मग मी कोण? उरलेली?

थोरलीला वेण्यांचा भारी सोस. रोज दुपारी ती भिंगरीला मांडीत घ्यायची, केसांना तेल लावायची आणि काहीतरी नवीन करायची. कधी माशाच्या काट्यासारखी वेणी, कधी डोक्याभोवती फिरवलेली. संध्याकाळी धाकटी दमून परत यायची तेव्हा भिंगरी गिरकी घेऊन दाखवायची, "बघ, मोठीआईने काय केलं!"

"छान आहे हं," धाकटी म्हणायची. पोरीला जवळ घेतलं की नाकात थोरलीच्या तेलाचा वास शिरायचा. मग जेवणं झाली की ती म्हणायची, "चल, सोडू या. झोपताना टोचेल." आणि माशाचा काटा मोडायची.

सुट्टीच्या दिवशी ती स्वतः कंगवा घेऊन बसायची. भिंगरी ओरडायची, "दुखतंय! मोठीआई नाही अशी ओढत." मग धाकटी आणखी जोरात ओढायची. नंतर तिचं तिलाच वाईट वाटायचं.

त्या दिवशी ती एका म्हाताऱ्या बाईंचे पुढचे दात बसवत होती, तेवढ्यात थोरलीचा फोन आला.

"तू ये जरा घरी. लागलं-बिगलं नाहीये कुणाला. पण ये."

"झालं काय?"

"ये ना गं," एवढंच म्हणून थोरलीने फोन ठेवला.

धाकटी आली तेव्हा थोरलीचं दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक वेणी पडली होती, टोकाला लाल रबर, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. पलंगावर भिंगरी बसली होती. उजवीकडची वेणी जागच्या जागी, आणि डावीकडे कानाच्या वर खुंट. पुढेही कपाळावर कात्री फिरली होती, जणू कुणीतरी घाईघाईने गवत कापलं होतं.

"मी गिऱ्हाईक झाले होते," भिंगरी म्हणाली. ती रडत नव्हती. "ठकी पार्लरवाली. दुसरी बाजू राहिली."

रडत होती ती थोरली. पदराने डोळे पुसत, हुंदके देत. ठकी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला तिथे बहुधा कुणी उभं केलेलं नव्हतं.

धाकटीने वेणी उचलली. तिच्या पोटात खड्डा पडला. आणि त्याच खड्ड्यात, तळाशी, तिला चक्क बरं वाटलं. आता ताईंना घालायला वेणीच उरली नाही. हा विचार इतका लख्ख आला, की ती स्वतःलाच घाबरली. आणि घाबरली म्हणून की काय, जास्तच चिडली.

"तुम्ही कुठे होतात?"

"गच्चीवर गं. कपडे वाळत घालायला गेले होते. पाच-दहा मिनिटं…"

"आणि कात्री यांच्या हाताशी सोडून?"

"शिवणाच्या डब्यात होती. झाकण लावलेलं होतं. मला काय माहीत, ही…" थोरलीला पुन्हा हुंदका आला.

तिचं ते रडणंही धाकटीला सहन होईना. मुलगी माझी, केस माझ्या मुलीचे, आणि आधी रडायचा मानही हिनेच घ्यावा?

"ताई, भिंगरी तुमची स्वतःची मुलगी असती तर गेला असतात तिला सोडून?"

थोरलीचं रडणं एकदम थांबलं. तिने मान वर केली. धाकटीने भिंगरीला उचललं आणि दारातून म्हणाली, "उद्यापासून पाठवणार नाही तिला. पाळणाघर बघते."

घरी येऊन तिने भिंगरीला आरशासमोर बसवलं. इतका वेळ मजेत असलेल्या भिंगरीने स्वतःकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"मी नीट करते हं," म्हणून धाकटीने उजवी वेणी सोडली आणि दोन्ही बाजू सारख्या करायला घेतल्या. भिंगरी हलली, कात्री हलली. उजवीकडे जरा जास्त गेलं म्हणून डावीकडे कापलं, डावीकडे जास्त गेलं म्हणून उजवीकडे.

"मोठीआईला बोलव," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "तिला येतं नीट करायला."

धाकटीने कात्री खाली ठेवली.

संध्याकाळी नवरा आला. त्याने मुलीकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. "अरे वा, ही कुठल्या लढाईवरून आली?"

"हसा तुम्ही."

"अगं, केसच आहेत. वाढतील. वहिनीला का बोललीस उगाच? दादाचा फोन आला होता, जेवली नाहीये ती."

"मी जेवले का, विचारलंत?"

तो बूट काढू लागला. सगळ्यांना तिचीच काळजी, धाकटीच्या मनात आलं. माझ्या नवऱ्यालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिने रजा घेतली. भिंगरीला केस व्यवस्थित कापणाऱ्या बाईकडे न्यायचं होतं. पण भिंगरी दाराशीच अडून बसली. कात्रीचं नाव काढलं की दोन्ही हात डोक्यावर.

"ठकी आली तर येते."

"तिनेच कापले ना तुझे? तिला कशाला?"

"ती हात धरेल माझा."

धाकटीने समजावलं, दटावलं, चॉकलेटचं आमिष दाखवलं. शेवटी निमूटपणे समोरची बेल वाजवली. थोरलीने दार उघडलं. डोळे सुजलेले.

"ठकीला नेते. भिंगरी ऐकत नाहीये."

थोरलीने आत वळून हाक मारली. ठकी आली, चपला घातल्या आणि खाली मान घालून जिना उतरू लागली. रस्ताभर ती मागे मागे चालत होती. भिंगरी मधेच थांबून तिचा हात ओढायची, "चल ना!" जणू गुन्हा तिसऱ्याच कुणीतरी केला होता.

केस कापणारी बाई लठ्ठ आणि बोलकी होती. भिंगरीचं डोकं पाहून तिने गालावर हात ठेवला. "अगं बाई! कुणाचे हात शिवशिवले?"

ठकी जमिनीत शिरायला जागा शोधत होती. धाकटीच ओठांवर आलेलं उत्तर गिळून म्हणाली, "तुम्हाला जमेल तेवढं करा."

भिंगरी उंच खुर्चीवर बसली. ठकीने तिचा हात धरला आणि बाईने पाण्याचा फवारा मारला, तशी ती खुदकन हसली. मग तिला कुणाच्या हाताची गरज उरली नाही. ठकी मागे सरून बाकावर, धाकटीपासून शक्य तितकी लांब जाऊन बसली.

धाकटीने कालपासून मनात सगळं तयार ठेवलं होतं. कात्री डोळ्यात गेली असती तर? एवढी मोठी झालीस, कळत नाही? ती वळली. ठकी खुर्चीकडे एकटक बघत होती. तिचे स्वतःचे केस मुलग्यासारखे बारीक कापलेले, इतके विरळ की भांगातून डोकं दिसत होतं.

"काकू," ठकी खालच्या आवाजात म्हणाली, "तिचे आता माझ्याएवढेच होणार ना?"

"हो. साधारण तुझ्याएवढेच."

"मग आई आता कुणाचे विंचरणार?"

धाकटी बाकावर तिच्याकडे सरकली.

"माझे वाढतच नाहीत," ठकी सांगू लागली. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवेना. "आई म्हणते, तुझ्या केसांत काय घालायचं, कापलेलेच बरे. आणि हिला रोज मांडीत घेते. रोज. मी शाळेतून येते तेव्हा मांडीत हीच असते. मी म्हटलं मला पण घे, तर आई म्हणते थांब, हिची वेणी सुटेल."

"म्हणून कापलेस?"

ठकीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"कापल्यावर बरं वाटलं?"

"थोडंसं." तिने फ्रॉकचं टोक मुरडलं. "पण लगेच गेलं ते."

सात वर्षांच्या पोरीने धाकटीच्या पोटातली गोष्ट बाहेर काढून बाकावर ठेवली होती. रागवायला घेतलेला आवाज कुठल्या कुठे गेला. तिने ठकीचं डोकं जवळ ओढलं. ठकी आधी ताठ राहिली, मग हळूहळू सैल झाली.

परत आल्यावर भिंगरी आखूड केसांचं डोकं हलवत धावतच समोरच्या घरात शिरली. "मोठीआई, वारा लागतो मानेला!" थोरलीने तिला जवळ घेतलं नाही. हात पुढे झाले आणि तसेच मागे गेले. तिने आधी धाकटीकडे पाहिलं. ते पाहणं धाकटीला फार लागलं.

पोरी आतल्या खोलीत गेल्या.

"ताई, मी काल बोलले ते चुकलं."

"चूक माझीच होती."

"कात्रीचं नाही म्हणत मी." धाकटीने खुर्ची ओढली. "मला तुमचा हेवा वाटतो. रोज वाटतो. तुम्ही घातलेल्या वेण्या मी घरी जाऊन सोडायचे."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "सकाळी ती यायची तेव्हा केस मोकळेच असायचे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"काय बोलू? दिवसभर माझ्या मागे मागे असते, आणि संध्याकाळी तू दारात दिसलीस की मांडीवरून उठून अशी पळते, वळूनसुद्धा बघत नाही. मला काय वाटत असेल? वेणी घातली की माझ्या हातचं काहीतरी तिच्याबरोबर तुझ्या घरात जायचं. तेवढंच." तिने नाक पुसलं. "आणि तू बाहेर जातेस, चार लोकांत असतेस. मी इथेच. मलाही वाटतो हेवा. मग?"

धाकटीला हे कधी सुचलंच नव्हतं. मग तिने ठकी काय म्हणाली ते सांगितलं. थोरलीने ते ऐकूनच घेतलं नाही.

"छे! ठकी तशी नाहीये. तिला कधी मागावं लागलंय काही?"

"मागितलं होतं म्हणे. तुम्ही थांब म्हणालात."

थोरली उठून स्वयंपाकघरात गेली. उगाच भांड्यांचा आवाज झाला, मग थांबला. धाकटी तिच्या मागे गेली नाही.

पाळणाघराचं नाव पुन्हा निघालं नाही. धाकटीने कामावरच्या मालकाशी भांडून शनिवारची दुपार मोकळी करून घेतली. त्या दुपारी दोन्ही पोरी तिच्याकडे असत आणि थोरली एकटीच बाहेर पडे. कुठे जाते ते सांगत नसे, परत यायची ती मात्र खुशीत. पहिल्या शनिवारी ठकी धाकटीच्याच मांडीवर झोपून गेली, तेव्हा थोरली दारात उभी राहून म्हणाली, "बरा लळा लावून घेतलास हं!" ते पुरतं चेष्टेतलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी धाकटी कामावरून आली तर थोरली ठकीला मांडीत घेऊन तिच्या विरळ केसांना तेल चोळत होती. वेणी घालण्यासारखं तिथे काही नव्हतं, म्हणून नुसतीच बोटं फिरत होती. शेजारी भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सरक ना, माझी पाळी," ती म्हणाली.

ठकीने डोळे मिटूनच सांगितलं, "थांब."

भिंगरीने पाय आपटला आणि दाद मागायला आईकडे वळली. धाकटीने पर्स खाली ठेवली, जमिनीवर बसली आणि स्वतःची मांडी थोपटली. भिंगरीने दोन्ही मांड्यांकडे आळीपाळीने पाहिलं, तोंड फुगवलं, आणि बराच विचार करून येऊन बसली.