चालत्या मशीनची पूजा

आमंत्रण द्यायला माझी मोठी बहीण उन्नती स्वतः आली, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंच नव्हतं. ज्या रविंद्रभाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माझं काम पळवलं, त्यांच्या बुटीबोरीच्या नव्या शेडमधली पहिली दसऱ्याची पूजा मला डोळे भरून बघायची होती.

हिंगण्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं भागीदार होतो. मशीन मी चालवायचे, गिऱ्हाईक भाऊजी सांभाळायचे. ओमप्रकाश रेसच्या गाड्या बांधतो. त्याच्या इंजिनांची हेडं, म्हणजे सिलिंडरवर घट्ट बसणारी झाकणं, मी अख्ख्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढायचे. मग एका रविवारी भाऊजी माझा कोरण्याचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन गेले आणि ओमप्रकाशलाही घेऊन गेले. त्याला म्हणाले, "भैरवी काय करत होती? नुसतं बटण दाबत होती. डोकं तं माह्यं होतं." हे मला ओमप्रकाशनेच फोनवर सांगितलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आमचं पहिलं हेड अर्धवट कोरलेलं असतानाच दसरा आला होता. आमच्या घरची पद्धत अशी की पूजेला मशीनचं तोंड मोकळं ठेवायचं, त्यात काम अडकवून ठेवायचं नाही. म्हणून मी क्लॅम्पची पकड सोडून ठोकळा बाजूला काढला, त्यालाही हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर तो किंचित वाकलेला. भरल्या एसटीतून उतरलेला माणूस अंग सैल सोडतो, तसंच पोट कोरलेलं ॲल्युमिनियमही सोडतं, पण क्लॅम्पमधून सुटल्यावरच. मी तो हलक्या हाताने परत क्लॅम्पमध्ये धरला, वाकलेलं कोरून सपाट केलं आणि मग शेवटचं काम केलं. हेड इंजिनावर असं बसलं की ओमप्रकाश बघतच राहिला.

त्यानंतर प्रत्येक ठोकळा मी मध्येच सोडून एक दिवस ठेवायचे. प्रोग्राममध्ये हे कुठेच नव्हतं, मी हाताने करायचे. भाऊजींपासून लपवलंही नव्हतं. ते हसायचे. "तुह्या घरी रोजच दसरा हाये का वं? फालतू टाइम घालवून राहिली."

बुटीबोरीला पोचले तर झेंडूची तोरणं लागली होती, पेढे फिरत होते, ओमप्रकाश पुढच्या खुर्चीवर बसला होता आणि मशीन चालू होतं. चालत्या मशीनला हार घातला होता आणि तो एकसारखा हलत होता.

"ओमप्रकाशभाऊ," भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज मशीन थांबवायचंच नाही. आरती होईपर्यंत हेड तयार. क्लॅम्प तुमच्या हातानं खोला. पसंत पडलं तं पुढच्या सीझनचा सगळा माल आपल्याकडं."

मी ताईच्या कानाशी गेले. "पूजेले मशीन चालू?"

"म्या म्हटलं ह्यांले," ती पुटपुटली. "ऐकतात कुठं."

काचेतून मला दिसत होतं, मोठं कोरकाम नुकतंच संपत आलं होतं. आता सोडा, उद्यापर्यंत ठेवा, एवढं म्हटलं असतं तरी हेड वाचलं असतं. मी पेढा तोंडात टाकला.

पूजा झाली, जेवणं झाली, संध्याकाळी आरती झाली. ओमप्रकाशने क्लॅम्प सोडला आणि चकचकीत हेड सपाटी तपासायच्या काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्यावर ठेवलं. एका कोपऱ्यावर बोट दाबलं, तर समोरचा कोपरा उचलला गेला. पूजेत मांडलेल्या हत्यारांमधून त्याने कागदासारखी पातळ मापाची पट्टी घेतली, तिच्यावरचं कुंकू पुसलं आणि हेडखाली सरकवली. ती सहज आत गेली.

"रविंद्रभाऊ, हे तं हलून राहिलं. इंजिनचं सगळं प्रेशर लीक होईल."

भाऊजींनी पाटा पुसला, हेड फिरवून ठेवलं, पुन्हा पुसला. टक टक थांबेना. ओमप्रकाश माझ्याकडे वळला. "ताई, तुमचं हेड कधी हललं नाही. हे काहून हललं?"

सगळी शेड माझ्याकडे बघत होती.

"मी काय सांगू भाऊ," मी म्हटलं. "मी तं नुसतं बटण दाबत होती."

भाऊजींचा चेहरा पडला आणि मला फार बरं वाटलं. ताई आरतीचं ताट घेऊन तशीच आत निघून गेली, तेही मी पाहिलं. तरी बरंच वाटलं.

ओमप्रकाशने हात झटकले. "उद्या हिंगण्याले ठोकळा घेऊन येतो, भैरवीताई," एवढंच म्हणून तो निघाला.

भाऊजी माझ्यामागे फाटकापर्यंत आले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कामातलं काही विचारलं नव्हतं. "काय चुकलं वं माह्यं? घरचीच हाये ना तू, सांग ना."

मी पर्समधून आपट्याची पानं काढली, त्यांच्या हातावर ठेवली आणि रीतीप्रमाणे वाकून पाया पडले.

"सोनं घ्या, भाऊजी. आणि दसऱ्याले तरी मशीनचं तोंड मोकळं ठेवत जा."

त्यांना तो टोमणा वाटला. पानं तिथेच फेकून ते आत गेले, आणि मी स्कूटी सुरू करेपर्यंत त्यांनी दुसरा ठोकळा मशीनवर चढवला होता.