जंतूंची भावकी

लिंगाप्पाची पोर भाग्यलक्ष्मी हैदराबादेत नेमकं काय करते, हे खटकचिंचोळीत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कुणी विचारलंच तर लिंगाप्पा म्हणायचा, "जंतूंची भावकी लावती." लोक हसायचे. पण त्यात खोटं काही नव्हतं. नात्यातले दोन जंतू घ्यायचे, त्यांच्या अंगात लिहिलेलं सगळं यंत्रातून वाचायचं, आणि रोग करणाऱ्याकडे असं काय आहे जे गरीब भावाकडे नाही, ते हुडकायचं. त्या लिहिलेल्यातल्या एकेका तुकड्याला ती जीन म्हणायची.

त्या पावसाळ्यात लिंगाप्पाच्या चुलत भावाची, रेवणसिद्धप्पाची मेंढरं छाती भरून पटापटा मेली. दोन्ही कळप एकाच तळ्यावर पाणी प्यायचे, तरी लिंगाप्पाच्या मेंढरांना साधी शिंकही आली नाही. मग काय, "लिंग्यानं कायतरी करून ठिवलंय" म्हणत रेवणसिद्धप्पा गावभर फिरला. दोघांचं बोलणं तुटलं. भाग्यलक्ष्मी तेव्हा गावी आली होती, ती मेलेल्या मेंढरांच्या फुफ्फुसातला आणि घरच्या मेंढरांच्या घशातला चिकटा कापसाच्या बोळ्यावर घेऊन तपासायला गेली. आपल्याकडचा जंतू गरीबच निघणार, याची लिंगाप्पाला खात्री होती.

त्यांच्यात एक रीत होती. ज्याचा कळप बुडाला, त्याच्या मेंढवाड्यात भावकीनं एकेक कोकरू सोडायचं. ते घेतलं की तंटा मिटला. सोडलेलं कोकरू परत नेलं, तर मात्र नातं मेलं. निकालाची वाट न बघता लिंगाप्पा सगळ्यात धडधाकट कोकरू घेऊन निघाला.

रेवणसिद्धप्पा आधी तोंड फिरवून बसला. मग म्हणाला, "बस की." त्याची बायको महादेवी हळद घेऊन आली आणि कोकराच्या कपाळाला लावू लागली. लिंगाप्पाचा ऊर भरून आला. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला.

"अप्पा, काकांची मेंढरं मारलेल्या जंतूत विष करणारा जीन हाय," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"आन आपल्यात?"

"तोच हाय, अप्पा. जंतूबी तोच. आपल्या मेंढरांना त्याची सवय झाली असंल, म्हणून ती टिकली. तिकडं एकबी मेंढरू देऊ नका." पुढचं काही ऐकू येईना, रेंज गेली.

लिंगाप्पानं मोबाइल खिशात घातला. तोच जंतू, मग एका वाड्यात मरण आणि दुसऱ्यात उड्या? आपण काहीच केलं नाही, आणि तरी आपल्याकडूनच झालं?

"काय म्हनायलीय पोर?" रेवणसिद्धप्पानं विचारलं.

"अण्णा, माझ्या मेंढरात जीन हाय म्हनं."

महादेवीचा हात थबकला. "जिन? पीरसायबाच्या दर्ग्यात उतरवत्यात तसला?"

"तसला न्हाई, वैनी. बारीक असतो. आत लिहिलेला असतो."

"तावीजात लिवत्यात तसा?" रेवणसिद्धप्पा उठून उभा राहिला. "म्हंजे लिहून सोडलास तू!"

"म्या न्हाई सोडला, अण्णा. तुझ्याबी मेंढरात तोच व्हता."

"मग माझ्याकडं आला कुठून?"

लिंगाप्पाला खोटं बोलता आलं असतं. "माझ्याच मेंढरातून, बहुतेक," तो म्हणाला.

आता शिव्या येणार म्हणून लिंगाप्पानं मान खाली घातली. पण भाऊ खाली बसला आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "असूंदे जिन. दर्ग्यात नेऊन उतरवू. तू घरी आलास, मला तेवढं बास. कोकरू ठिव."

लिंगाप्पाला रडू फुटलं. त्यापेक्षा भाऊ भांडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या वाड्यात वाचलेल्या मोजक्या मेंढ्या होत्या, आणि कोकरू त्यांच्याच दिशेनं निघालं होतं. लिंगाप्पानं पुढं होऊन ते उचललं, घोंगड्यात गुंडाळलं.

"लिंग्या, खाली ठिव त्याला."

थांबून सांगावं, तर काय सांगावं? त्याला स्वतःलाच कुठं कळलं होतं? तो वाड्याबाहेर पडला.

"लिंग्या!" भाऊ ओरडला. मग एकदा, अगदी हळू, "लिंगाप्पा."

तो वळला नाही. मागून महादेवीचा आवाज आला, "नेलं की वो त्यानं."