सातवा प्रश्न

मुबशिरा सलग दोन शनिवार वर्गाला आली नाही, म्हणून मी बस पकडून उचगावला गेलो. आजारी असेल असं वाटलं होतं. पण ती दारातच उभी होती, अगदी ठणठणीत. मला बघितलं आणि आत निघून गेली.

तिच्या आईनं, शमशादनं, शिलाई मशीनवरचं ब्लाऊज बाजूला ठेवलं आणि मला खुर्ची दिली.

"बसा सर. तुमचे लई उपकार झाले. तुमच्या माणसानं घरी येऊन सगळं करून दिलं."

"माझा कोण माणूस?"

"बाळासो साहेबांच्या ऑफिसातला की! सरांच्या वर्गाकडनं आलोय म्हणाला. सकाळी भिशी फुटली, संध्याकाळी ह्यो दारात हजर. म्हटलं, सरांचा माणूस, आता विचार कसला करायचा? केली सही."

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्या हातात दिला. विम्याची पॉलिसी होती. दरवर्षी पंचवीस हजार, बारा वर्षं. आमच्याकडे गल्लीतल्या बायका वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमवतात आणि दिवाळीच्या तोंडावर भिशी फुटते, म्हणजे ज्याचे त्याला वाटले जातात. शमशादच्या वाट्याचे पंचवीस हजार मुबशिराच्या अकरावीसाठी होते.

"पुढच्या वर्षीचा हप्ता कुठनं भरणार?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी? एकदाच भरायचेत म्हणाला की तो."

पडद्यामागून मुबशिराचा आवाज आला. "सर, मी त्या वेळीच विचारलं होतं."

तिनं विचारलं होतं, हे खरं.

कागलच्या शाळेत चौतीस वर्षं वाणिज्य शिकवून मी निवृत्त झालो. गेल्या जूनपासून नववी-दहावीच्या बत्तीस मुलांना दर शनिवारी व्यवहार शिकवत होतो. भडंगाच्या पुडीवर भाव काय लावायचा, जाहिरातीत खरं किती असतं, बँकेचं पासबुक कसं वाचायचं. फी नव्हती. राजारामपुरीतला हॉल बाळासोनं दिला होता. बाळासो माझा जुना विद्यार्थी. त्याच हॉलच्या खाली त्याचं विम्याचं ऑफिस आहे. मुलांना वह्या द्यायचा, मला चहा पाठवायचा, आणि येता-जाता पाया पडायचा.

ऑगस्टमध्ये मी मुलांना सर्व्हे करायला लावला. प्रत्येकानं आपल्या गल्लीतली पाच घरं घ्यायची, लोक बचत कशी करतात ते विचारायचं. मी सहा प्रश्न काढले होते. बाळासोनं कागद वाचला आणि म्हणाला, "सर, भिशी कधी फुटती आन् वाट्याला किती येतात, हे घाला की सातवं. खरी बचत तिथंच असती." मला इतका आनंद झाला की त्याला वर्गासमोर उभं केलं आणि मुलांना सांगितलं, "बघा, याला म्हणतात गिऱ्हाइकाची नाडी ओळखणं."

मुबशिरानं हात वर केला होता. "सर, ह्या फॉर्मांचं पुढं काय होणार? नावं न लिहिता चालणार नाही का?"

"बाळासोच्या कपाटात कुलपात राहतील. माझा शब्द आहे," मी म्हणालो. बसमधून एवढे कागद घरी न्यायचा मला कंटाळा होता, दुसरं काही नाही. तिनं माझा तो शब्द पाच घरी जाऊन सांगितला. त्यातल्या चार घरांत आता पॉलिसी होती.

मी तसाच राजारामपुरीला गेलो. बाळासो खुर्चीतून उठला, पाया पडायला वाकला. मी मागं सरलो.

"काय झालं, सर?"

"फॉर्म दे."

त्यानं कपाट उघडलं आणि गठ्ठा पुढं ठेवला. एकशे साठ फॉर्म. प्रत्येकावर सातव्या उत्तराभोवती लाल गोल.

"न्या की, सर. कॉम्प्युटरवर चढवलंय सगळं."

"मुलांच्या तोंडून लोकांची माहिती काढलीस तू."

"चोरी केली व्हय मी? सह्या त्यांच्या हायत. आन् तुम्हीच शिकवलंय की मला नववीत. गिऱ्हाईक दुकानात यायची वाट बघत बसू नये. ध्यानात हाय माझ्या." तो हसला. खरंच हसला, जुनी आठवण निघाल्यासारखा. "बसा, च्या सांगतो. पोरांची सहल काढा औंदा, खर्च माझा."

मी हे शिकवलं होतं. त्याच तासाला आणखीही बरंच शिकवलं होतं. ते आठवत नाही का, असं त्याला विचारावंसं वाटलं, पण उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या शनिवारी हॉल नव्हता. उचगावच्या समाजमंदिरात मुलांना बोलावलं आणि घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या शब्दासकट. मुबशिरा शेवटी बसली होती. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येतो, हे फळ्यावर लिहिलं. एकवीस दिवस गेले होते. मुलांनी अर्ज लिहायला घेतले. मुबशिरानं आपल्या गल्लीचे चार लिहिले, प्रत्येकाच्या दोन प्रती.

"सह्या घ्यायला मी जातो," मी म्हणालो.

"तुम्हाला घरं ठाऊक न्हाईत."

ती माझ्याबरोबर आली, पण दोन पावलं मागं. तिच्या घरची सही झाली. पुढचं दार रुद्राणीअक्काचं. पिठाच्या गिरणीवाली, आवाज गिरणीवर चढणारा.

"आलासा व्हय परत? आता काय विचारायचं राहिलंय? चुलीत लाकडं किती हायत ते?"

"चूक माझी आहे, अक्का. या पोरीची नाही. पैसे परत मिळवायचा हा अर्ज आहे."

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. मुबशिराला म्हणाली, "आन् ह्या कागदाचं पुढं काय हुणार गं?"

मुबशिरा पुढं आली. तिनं अर्ज ओळ न् ओळ वाचून दाखवला. सही झाल्यावर दुसरी प्रत अक्काच्या हातात दिली. "ही तुमच्याकडं ठेवा. शिक्का मारलेली पावती मी आणून दाखवते. तोवर कुणी आलं तर दार उघडू नका. सरांचं नाव सांगितलं तरी."

चौथ्या घरातून बाहेर पडलो तेव्हा सवयीनं माझा हात पुढं झाला. इतकी वर्षं मुलांचे कागद असेच गोळा केलेत.

मुबशिरानं माझ्या हाताकडं बघितलं. मग चारही अर्ज नीट घडी करून आपल्या दप्तरात घातले आणि चेन ओढली.

"विमा कंपनीत सोमवारी मी अम्मीबरोबर जाणार आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडं नको, सर."