ओवीचं मेजर

युनिव्हर्सिटीचा फॉर्म सोमवारी दुपारपर्यंत भरायचा होता. रविवारी सकाळी अमिरातीतल्या रास अल खैमाहून अजमानला जाताना गाडीत बापलेकीचा तोच वाद चौथ्यांदा रंगला होता.

“डॉक्टर व्हायचंय ना तुला?” धनंजय म्हणाला. “मग बायोमेडिकल सायन्स टाक. नावातच मेडिकल आहे. खलास!”

“बाबा, प्लीज! प्री-मेड इज नॉट अ डिग्री,” ओवी म्हणाली. ती घरात मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची.

तिने निवडलेल्या युनिव्हर्सिटीत आधी चार वर्षांची पदवी घ्यायची आणि मग मेडिकलला अर्ज करायचा, अशी पद्धत होती. केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स हे मेडिकलवाल्यांना सुटत नाहीत. पण पदवीचा मुख्य विषय, म्हणजे मेजर, ज्याचं त्याने ठरवायचं. ओवीचा ओढा पब्लिक हेल्थकडे होता. एका माणसाला आजार का झाला याच्या पुढे जाऊन, तो वस्तीतल्या शंभर जणांना का झाला, हे शोधणारा विषय. धनंजयला मात्र ते नाव ऐकलं की गटारावर पावडर मारणारी नगरपालिकेची माणसं आठवायची.

खरं तर ओवीचंही ठरलेलं नव्हतं. बायोमेडिकल घेतलं तर सायन्सचे पेपर त्यातच उरकणार होते. पब्लिक हेल्थ घेतलं तर ते वरून करावे लागणार, आणि त्या ओझ्याखाली मार्क घसरले तर मेडिकलचं दार बंद. सतरा वर्षांच्या मुलीला हे पुरतं कळत होतं, म्हणून तर फॉर्ममधली ती एक जागा आठवडाभर रिकामी होती.

अजमानला कामगारांच्या वसाहतीत महाराष्ट्र मंडळाचं रक्तातली साखर तपासायचं शिबिर होतं. धनंजय टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल मॅनेजर, त्यामुळे तपासणीचा कागद त्यानेच तयार केला होता. नाव, वय, कंपनी, एम्प्लॉयी नंबर, साखरेचा आकडा, सगळं कसं चौकटीत. मूळच्या रत्नागिरीच्या, इथेच स्थायिक झालेल्या डॉक्टर बिलकीस दर वर्षी येत, तशा याही वर्षी आल्या होत्या. नर्स बोटाला टोचायची, आकडा सांगायची आणि ओवी तो लिहून घ्यायची.

मेसच्या हॉलमध्ये चाळीस माणसं रांगेत उभी होती. बहुतेक कोकणातली, साइटवर राबणारी.

“चौऱ्याऐंशी. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी,” नर्स सांगत गेली.

“वा रे वा!” धनंजय खूश झाला. “सगळे पास! पेढे वाटायला हवेत.”

“ते पण खाऊन पचवू, साहेब,” रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

ओवी हसली नाही. तिने भरलेले वीस कागद एकदा चाळले.

“बाबा, धिस इज टू गुड,” ती म्हणाली आणि पुढचंही इंग्रजीतच बोलत गेली, “पन्नाशीचे लोक आहेत. दिवसातून पाच वेळा गोड चहा पितात. एकाचीही शुगर हाय नाही?”

“चांगलं आहे ना मग?”

“तुमच्या फॅक्टरीत सगळ्या टाइल्सचं रीडिंग असं परफेक्ट आलं तर?”

धनंजयने नर्सच्या हातातल्या मीटरकडे पाहिलं. कारखान्यात असं झालं असतं तर त्याने आधी मोजायचं यंत्र तपासायला घेतलं असतं.

तेवढ्यात भिकाजी समोर बसला. बावन्न वर्षांचा, मंडणगडकडचा, सुतारकाम करणारा माणूस. नर्सने आकडा सांगितला, “बासष्ट.”

“भिकाजीचा पयला नंबर!” मागचे ओरडले.

ओवीचं लक्ष त्याच्या कपाळाकडे होतं. हॉलमध्ये एसी चालू होता आणि भिकाजीला दरदरून घाम फुटला होता. हात बारीक थरथरत होते. तिने उठून डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर बिलकीस आल्या, आकडा पाहून “साखर फार उतरलीय,” म्हणाल्या, आणि त्यांनी साखर घातलेला ज्यूस त्याला आपल्या हाताने पाजला. थोड्या वेळाने त्याच्या तोंडावर रंग आला.

डॉक्टर काही विचारणार, त्याआधी ओवी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती.

“काका,” ती चक्क मराठीत म्हणाली, अडखळत, एकेक शब्द शोधत, “तुम्ही काल काय जेवलात?”

“काल? काय नाय.”

“आणि परवा?”

“परवा पण काय नाय गो बाय. मेथीचा पानी पिलो.”

“का?”

भिकाजी इकडेतिकडे बघायला लागला. मग मागचाच एकजण म्हणाला, “सांग की तिला. पोरगीच हाय ती. अगं, आमी समदेच दोन दिस उपाशी हाव. चाय बंद, भात बंद. ह्या शाण्यानं तर रूमवाल्याच्या साखरेवरच्या दोन गोळ्या पण खाल्ल्या. आकडा चांगला यायला नको?”

“पण आकडा कशाला चांगला यायला हवा?” ओवीने विचारलं. “आजार असेल तर औषध मिळेल ना.”

“औषध मिळंल, नोकरी जाईल,” भिकाजी म्हणाला. “साखर दिसली की कंपनी घरी धाडणार. हा कागद कंपनीतच जाणार ना? त्यावर कंपनीचं नाव घातलंय तुमी. माझा नंबर पन घातलाय.”

धनंजयने टेबलावरचा एक कागद उचलून पाहिला. ते दोन रकाने त्याने स्वतः घातले होते. का, तर कारखान्यात प्रत्येक कागदावर असतात म्हणून. यापलीकडे त्याच्याकडे कारण नव्हतं.

ओवीने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, प्रश्न होता. त्याने मान हलवली, “खोडून टाक.”

तिने प्रत्येक कागदावरचे ते दोन्ही रकाने काळ्या स्केचपेनाने खोडून टाकले. सगळ्यांसमोर, एकही शब्द वाचता येणार नाही असे. मग डॉक्टरांकडे जाऊन हळूच इंग्रजीत विचारलं, “मॅम, तीन महिन्यांची शुगर सांगणारी टेस्ट असते ना? दोन दिवस उपाशी राहून ती बदलत नाही. ती करता येईल?”

“येईल. पुढच्या रविवारी किट आणते,” डॉक्टर बिलकीस म्हणाल्या. “पण हे लोक परत येतील का?”

“आय विल आस्क.”

आणि ती रांगेसमोर उभी राहिली. मराठी तोडकंमोडकं, कान लाल झालेले. पण म्हणाली, “काका, हा कागद तुमचा. घरी न्या. कंपनीला आम्ही देणार नाही. पुढच्या रविवारी परत या. आणि प्लीज, जेवून या!”

मग भिकाजीच म्हणाला, “जेवून म्हंजे? मच्छी चालंल?”

“चालंल!” ओवी म्हणाली, आणि अख्खा हॉल हसला. चाळीसपैकी छत्तीस जणांनी पुढच्या रविवारसाठी नाव लिहून दिलं.

आवराआवर करताना धनंजय डॉक्टरांपाशी रेंगाळला. “डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. मेजर कुठलं घ्यावं?”

“मी नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “मेडिकल कॉलेजवाले सायन्सचे मार्क बघतील, मेजर काही का असेना. पण ती म्हणते तो रस्ता जास्त कष्टाचा आहे, हे खरंच. बाकी, भिकाजींना मी ज्यूस पाजला. उरलेले एकोणचाळीस उपाशी आहेत हे मला कळलंच नव्हतं. आठ वर्षं येतेय मी इथे.”

संध्याकाळी घरी ओवीने लॅपटॉप उघडला. धनंजय शेजारी बसला. दोघांनी मिळून चार वर्षांचे पेपर एका शीटवर मांडले. केमिस्ट्री दोन उन्हाळी सुट्ट्यांमध्ये बसवावी लागत होती. म्हणजे सुट्टीत भारत नाही, आजोळ नाही.

“बाबा, व्हॉट इफ आय गेट अ सी ग्रेड?”

बाकी कोणी असता तर म्हणाला असता, असं काही होणार नाही. धनंजयच्याही ते ओठांवर आलं होतं. पण सकाळी चाळीस माणसांसमोर खरं बोललेल्या मुलीला गोड खोटं सांगायला त्याची जीभ वळेना.

“तर मेडिकल अवघड होईल,” तो म्हणाला. “एखादं वर्ष जादा लागेल, कदाचित मिळणारही नाही. ते तुलाच ठरवायचंय. पण सकाळी तुला जे दिसलं, ते मला दिसलं नाही, ओवी. वीस वर्षं मी आकडेच तपासतोय.”

तिने शीट सेव्ह केली. मग फॉर्म उघडला, रिकाम्या जागी ‘पब्लिक हेल्थ’ लिहिलं, स्पेलिंग तपासलं आणि सबमिट केलं.

“डन,” ती म्हणाली. मग बापाकडे वळून तिने मराठीत विचारलं, “बाबा, हजार टाइल्समधून तपासायला किती घ्यायच्या, हे तुम्ही कसं ठरवता? पहिल्याच टर्मला आहे मला ते.”

धनंजयने वही ओढली आणि पहिल्यापासून समजावून सांगायला लागला.