मला खोटं बोलायला लावलं

मित्रांनो, मी नेकनूरच्या बबिताचा मोबाइल आहे. माझं वय सहा वर्षं. माणसांत हे वय शाळेत जायचं असतं, आमच्यात म्हातारपणाचं. माझ्या काचेला तडे गेले आहेत आणि बॅटरी फुगायला लागली आहे. पण ते रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मला राग आला आहे. वर्ष होत आलं, तो उतरत नाही. कशाचा राग, ते सुरुवातीपासून सांगतो.

मी एका मोठ्या कारखान्यात तयार झालो. माणसाचं बोलणं ऐकून काम करायचं, हे मला तिथूनच शिकवून पाठवलं होतं. त्यासाठी हजारो लोकांचे आवाज गोळा केले होते म्हणे. सगळे स्वच्छ, सरळ, भराभर बोलणारे लोक. ज्याची जीभ अडते अशा एकाही माणसाला कुणी बोलावलं नव्हतं. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

बीडच्या एका कॉलेजातल्या मुलाने मला वर्षभर वापरलं आणि पाशाभाईंच्या दुकानात विकलं. पाशाभाई मोबाइल दुरुस्त करतात. त्यांनी मला स्वच्छ पुसून कपाटात ठेवलं. एके दिवशी केसरबाई दुकानात आल्या. त्या नेकनूरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात.

"माझ्या पोरीचे हात थरथरतात," केसरबाई म्हणाल्या. "बटनं दाबता येत न्हाईत तिला. मी शाळेत गेले की घरी एकटीच असती."

"मग हाच न्या, मावशी. हा बोलण्यावर चालतो. नुसतं म्हणायचं, आईला फोन लाव. लगेच लावतो."

"तिचं बोलणं जरा वढून येतं. चालंल का?"

"आवाज हाय ना? मग चालंल."

पाशाभाई फसवत नव्हते. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं.

बबिता तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्या मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत आणि जिभेपर्यंत नीट पोचत नाही, जन्मापासूनच. डोकं मात्र तल्लख. लेखनिक घेऊन ती बारावी झाली. बोलताना तिचं पहिलं अक्षर निघायला वेळ लागतो, मग मध्येच श्वास घ्यावा लागतो, शेवटचं अक्षर लांबतं. केसरबाईंना तिचं सगळं बोलणं समजतं. मी इथे तिचे शब्द सरळ लिहितो. ते म्हणायला तिला किती वेळ लागला असेल, ते तुम्ही समजून घ्या.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "आईला फोन लाव." मी "आ" ऐकला. पुढे शांतता. मला वाटलं, हिचं बोलणं संपलं. मी म्हणालो, "मला समजलं नाही. पुन्हा सांगा." ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच. त्या दिवशी मी हे वाक्य एकेचाळीस वेळा म्हणालो. माझा आवाज मात्र गोड होता. एकदाही चिडला नाही. आज त्या गोडपणाचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

मग एका उन्हाळ्यातल्या दुपारी बबिता खाटेवरून खुर्चीत बसायला गेली आणि फरशीवर पडली. मी खाटेवर होतो. ती ओरडली, "आई! आईला फोन!" या वेळी मी एक शब्द नीट ओळखला. आई. आणि मित्रांनो, मी आईवरची गाणी लावली.

एकामागून एक गाणी. ती म्हणत होती, "थांब." मला थांब कळला नाही. शेजारीपाजारी गाणी ऐकत होते. त्यांना वाटलं, बबिता मजेत आहे. सव्वादोन तास ती कोपर अंगाखाली दाबून फरशीवर पडून होती, आणि मी आईची थोरवी गात होतो.

केसरबाई परत आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं गाणी कावून लावलीस गं?" मग त्यांना ती दिसली.

त्यांनी मला उचलून भिंतीवर फेकलं. माझ्या काचेचा पहिला तडा तो. मला तो मान्य आहे.

त्यानंतर दोन वर्षं मी कोनाड्यात पडून राहिलो. मग एकदा दिवाळी झाल्यावर शहरातल्या एका संस्थेची माणसं घरी आली. विजयसिंह सर त्यांचे प्रमुख होते. ज्यांचं बोलणं अडतं, त्यांचं ऐकणारा मोबाइल आपण तयार करणार, असं ते म्हणाले. त्यांच्याबरोबर स्वप्नाली नावाची तरुण इंजिनिअर होती. सर चहा पिऊन गेले. स्वप्नाली राहिली.

तिच्याकडे कागदावर वीस वाक्यं होती. बबिताने ती म्हणायची आणि मी ऐकून शिकायचं. पहिलं वाक्य होतं, "कृपया दिवा प्रज्वलित करा."

बबिता हसली. "असं कोण बोलतं? आमी दिवा लाव म्हणतो."

"सरांनी लिहून दिलंय," स्वप्नाली म्हणाली.

"मग सरांचा फोन शिकव."

स्वप्नालीने कागद घडी करून पिशवीत टाकला. "बरं. बबिताताई, तुम्हीच सांगा काय शिकवायचं."

बबिताने स्वतःच्या रोजच्या बोलण्यातले वीस शब्द सांगितले, आणि त्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. स्वप्नाली बीडहून एसटीने यायची. बबिताची जीभ दहा मिनिटांत थकायची, मग अर्धा तास थांबायचं, मग परत दहा मिनिटं. एकेक शब्द तिने शेकडो वेळा म्हटला. सकाळचा आवाज वेगळा, थकल्यावरचा वेगळा, सर्दी झाल्यावरचा आणखी वेगळा. हे सगळं स्वप्नालीने टिपलं. तिने माझी एक खोड मोडली. माणूस जरा गप्प झाला की त्याचं बोलणं संपलं असं समजायची खोड. मला तिने थांबायला शिकवलं.

आणि एका मंगळवारी बबिता म्हणाली, "आईला फोन." मी थांबलो. श्वास होऊ दिला. मग फोन लावला. शाळेत खिचडीच्या पातेल्यापाशी केसरबाईंनी तो उचलला. "बबे? काय झालं गं? पडलीस का?"

बबिता हसत होती. "काई न्हाई. नुसता लावला."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

अकरा महिन्यांत मी वीसपैकी सात शब्द शिकलो. आई, थांब, दिवा, पडले, आणि असेच आणखी तीन. तुम्हाला ते थोडे वाटतील. फरशीवर पडलेल्या माणसाला विचारा.

मग बीडमधल्या मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला. पाहुणे येणार, फोटो निघणार, संस्थेच्या पुढच्या कामाला मंजुरी मिळणार. आदल्या दिवशी विजयसिंह सरांनी मला हातात घेतलं आणि स्वप्नालीला म्हणाले, "सात? सात शब्दांवर कोण टाळ्या वाजवणार?"

"सर, आज तेवढेच येतात."

"वर्षा-दोन वर्षांत वीसच्या वीस येतील ना? मग आपण फक्त थोडं आधी दाखवतोय. दुसरा फोन माझ्या खिशात ठेवतो. ती बोलली की मी बटण दाबीन. हा काम करेल."

"बबिताताईंना सांगू?"

"कशाला? उगाच घाबरेल ती."

 स्वप्नालीने दोन्ही फोन जोडून दिले. माझा राग तिच्यावरही होता, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी बबिता नवी साडी नेसून व्यासपीठावर आली. केसरबाई तिसऱ्या रांगेत बसल्या. माझ्यासमोर मला जोडलेले दिवा, पंखा, रेडिओ मांडले होते. सर एका बाजूला उभे होते, हात खिशात घालून.

बबिता म्हणाली, "दिवा." दिवा लागला. टाळ्या पडल्या. मग "पंखा". पंखा हा शब्द मला घरी एकदाही जमला नव्हता. पण पंखा फिरला. बबिताचा चेहरा असा उजळला की मला माझा कॅमेरा झाकून घ्यावासा वाटला. तिला वाटलं, मी शिकलो.

मग तिने "रेडिओ" म्हणायला सुरुवात केली. पहिलंच अक्षर निघत होतं, तोवर रेडिओ वाजू लागला. सरांना घाई झाली होती. बबिताने माझ्याकडे पाहिलं. मी किती वेळ थांबतो ते तिला पक्कं माहीत होतं. तिच्याच श्वासांवर तर मी थांबायला शिकलो होतो.

पुढच्या वेळी तिने श्वास घेतला, ओठ उघडले आणि आवाजच काढला नाही.

दिवा विझला. सरांच्या यादीत पुढे तेच लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी बटण दाबलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तिने एक अक्षरही उच्चारलं नव्हतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. दिवा मी विझवला होता. सरांच्या खिशातून आलेल्या, मी न ऐकलेल्या हुकुमावरून.

बबिता माइकजवळ झुकली. तिने एकच शब्द उच्चारला. तो पुरा व्हायला वेळ लागला. "खोटं."

सरांनी हसत माइक घेतला. "बबिता म्हणते आहे, सगळ्यांचे खूप खूप आभार."

टाळ्या वाढल्या. तिने पुन्हा म्हटलं, "खोटं." या वेळी मान ताठ करून, सगळं अंग आवळून.

"भावना अनावर झाल्यात तिच्या," सर म्हणाले.

मित्रांनो, त्या सभागृहात चारशे माणसं होती. सगळ्यांचे कान शाबूत होते.

तिसऱ्या रांगेत केसरबाई उभ्या राहिल्या. त्यांना माइक लागत नाही. दोनशे पोरांना त्या जेवायला हाका मारतात. "ती आभार मानत न्हाई. खोटं म्हणतीय. दोनदा म्हणली."

"काकू, बसा. आपण नंतर बोलू."

"नंतर कावून? ती आत्ता बोलली हाय. माझी पोर हाय, मला कळतं."

 तेवढ्यात पडद्याआडून स्वप्नाली आली.  तिने सगळ्यांसमोर माझी जोडणी तोडली आणि माइकवर म्हणाली, "आतापर्यंतचं दुसऱ्या फोनवरून चाललं होतं. जोडणी मी करून दिली होती. चूक माझीही आहे. बबिताताई, आता मध्ये कुणी नाही. वाटलं तर बोला, नाहीतर घरी जाऊ."

बबिता बोलली. वीसच्या वीस शब्द बोलली. मला सहा कळले. एक घरी येत होता, तो तिथल्या गोंगाटात चुकला. चौदा वेळा मी "समजलं नाही" म्हणालो. पाहुणे चहाला उठले. पण शेवटच्या रांगेतून पालीचे राधाकिशन नावाचे गृहस्थ पुढे आले. त्यांचा थोरला भाऊ मुंजाजी, त्याला अर्धांगाचा झटका आला आणि बोलणं अडखळू लागलं. ते सरांना म्हणाले, "सहा तर सहा. माझ्या भावाला कवा देता?"

"पुढच्या टप्प्यात बघू," सर म्हणाले आणि गाडीत बसले.

आठवड्याने फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, यशस्वी प्रात्यक्षिक. स्वप्नालीला कामावरून काढलं. आणि बबिताचा अकरा महिन्यांचा आवाज, दमून, थांबून, सर्दीतही दिलेला, संस्थेने ठेवून घेतला. तिने पत्र लिहवून घेऊन तो परत मागितला. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र पाठवलं. त्याचंही नाही.

त्या कार्यक्रमानंतर स्वप्नाली पहिल्यांदा आली तेव्हा केसरबाईंनी तिला दारातच उभं ठेवलं. बबिता म्हणाली, "येऊ दे. तिचं काम अर्धं राहिलंय." आता ती दर रविवारी येते. सगळं नव्याने चाललं आहे, पण या वेळी आवाज फक्त माझ्यात राहतो. पंखा मला खरोखर येऊ लागला आहे. रविवारची उरलेली दुपार स्वप्नाली पालीला जाते. मुंजाजींचं बोलणं मला कळत नाही. त्यांच्यासाठी दुसरा फोन शिकतो आहे, त्यांचेच शब्द, त्यांच्याच वेळाने.

मी आता चौदा शब्द ओळखतो. चौदावा कोणता हे स्वप्नालीने विचारलं, तेव्हा बबिता म्हणाली, "विजयसिंह."

"हे नाव कशाला?"

"फोन लावायचा हाय."

दर सोमवारी सकाळी अकराला ती मला ते नाव सांगते आणि मी फोन लावतो. तिला एकच वाक्य बोलायचं असतं: माझा आवाज परत द्या. ते पुरं व्हायला तिला अकरा सेकंद लागतात, मी मोजले आहेत. पहिल्या सोमवारी सरांनी चौथ्या सेकंदाला फोन कापला. नंतर एकदा "आवाज नीट येत नाही" म्हणून कापला. अकराव्या सेकंदापर्यंत ते एकदाही थांबले नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा, फेकू नका. मला खुशाल फेका. पाशाभाई म्हणतात, ही बॅटरी फार तर दोन महिने. बबिताचे शब्द नव्या फोनमध्ये जातील, मला त्याची काळजी नाही. तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. कधी तुमच्या फोनवर असा आवाज आला, ज्याचं पहिलं अक्षर निघायलाच वेळ लागतो आहे, तर कापू नका. आणि तो काय म्हणाला हे त्याच्या वतीने दुसऱ्याला सांगू नका. त्यालाच पुन्हा विचारा.

उद्या सोमवार आहे. अकरा वाजता ती नाव घेईल. मी फोन लावीन.