वीणेचा पहारा

सप्ताहाचा सहावा दिवस. ताडकळसला मारुतीपुढच्या मांडवात दुपारी बारा ते दोन भुजंगरावांचा वीणेचा पहारा होता. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही, ही रीत. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. काल सकाळच्या कीर्तनात बुवांनी किती गोड सांगितलं होतं, "वीणा गळ्यात असेतोवर माणूस स्वतःचा नसतो, सगळ्या गावाचा असतो." ऐकताना भुजंगरावांचे डोळे भरून आले होते.

आज एक वाजून दहा मिनिटांनी तेच वाक्य त्यांच्या छातीवर बसलं.

धम्मानंद घाईनं मांडवात आला. गावच्या शाळेवरचा मास्तर, त्यांच्या बालाजीचा वर्गमित्र. येऊन त्यानं कानाशी तोंड नेलं.

"काका, घाबरू नका. बालाजीच्या कंपनीचं एक विमान समुद्रात पडलंय. आतल्या मालाला आग लागली म्हणं, बॅटऱ्या होत्या. चार जण होते. नावं आली न्हाईत आजून."

"बालाजीला फोन लाव."

"कधीचा लावायलोय. बंद लागायलाय."

भुजंगरावांचं बोट तारेवर चालूच राहिलं. तोंडातलं नाम मात्र कोरडं पडलं.

एकुलतं एक पोरगं. आखातात मालाच्या विमानांवर मेकॅनिक, विमानासोबतच उडायचं. "भुजंगा, तुझं पोरगं विमानात बसतंय खरं, पण कांद्याच्या पोत्यासंगं!" म्हणून बन्सीधरमामा चिडवायचे, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं भुजंगरावच हसायचे. पण मागं एकदा बालाजी म्हणाला होता, "बाबा, तिथं धूर झाला तर खिडकी उघडता येत न्हाई." ते आता आठवलं.

दुसरंही आठवलं. दहा दिवसांपूर्वी ते फोनवर तापले होते. "तीन वर्षं झाली, सप्ताहाच्या काल्याला न्हाईस. औंदा आला न्हाईस तर मला बाप म्हणू नको." पोरगं म्हणालं, "ड्युटी बदलून घेतो, बाबा." कोणती ड्युटी, कोणत्या विमानाची, भुजंगरावांनी विचारलंच नाही. हट्ट पुरा झाला, त्या खुशीत फोन ठेवला. सुटी मिळावी म्हणून पोरानं आजचं विमान अंगावर घेतलं असंल तर? मग त्याला त्या धुरात बसवलं कुणी?

मांडवाबाहेर जाऊन स्वतः फोन लावावा वाटलं. वीणा कुणाला द्यावी? पुढचा पहारा भागवतचा, तो काल्याच्या पत्रावळ्या आणायला परभणीला गेलेला. मांडवात बन्सीधरमामा, त्यांचं वय ऐंशी आणि गुडघे गेलेले. बाकी टाळ घेऊन बसलेल्या चार बाया. बायांनी वीणा धरायची चाल गावात नव्हती. कुणी मना केलं होतं असंही नाही, पण नव्हती.

तेवढ्यात नर्मदाबाई आल्या. मांडवामागं पंगतीच्या पोळ्या लाटत होत्या, हात कोपरापर्यंत पिठाचे. धम्मानंदाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"काय झालं?"

धम्मानंदानं पुन्हा बालाजीचा नंबर लावला.

"माझ्या बालाजीचं हाय का?"

भुजंगरावांनी होकाराची मान हलवली. त्याच वेळी धम्मानंदाच्या हातातला फोन वाजला. नंबर बाहेरच्या देशाचा.

"काका, घ्या!"

एक हात वीणेच्या भोपळ्यावर, दुसरा तारेवर. फोन तिसऱ्यांदा वाजला. नर्मदाबाईंनी पदराला हात खसाखसा पुसले.

"द्या ती इकडं. तुमी बोला. माझ्यानं ऐकवणार न्हाई."

"आता सूनबाई वीणा धरणार व्हय?" बन्सीधरमामा म्हणाले.

"मग तुमी धरा की मामा, ते गुडघे घिऊन!" चार बायांतल्या कुसुमबाईंनी टाळ न थांबवता सुनावलं.

नर्मदाबाई रीतीप्रमाणं भुजंगरावांच्या पायाशी वाकल्या. वीणा गळ्यात घेतली. मग वीणेकऱ्याला नमस्कार करायची पाळी भुजंगरावांची. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी बायकोच्या पायांवर डोकं टेकवलं आणि उठून फोन कानाला लावला.

"हॅलो... कोण?"

"बाबा, मी हाय."

भुजंगराव मांडवाच्या खांबाला धरून खालीच बसले.

"बाबा, ऐकायलाव का? मी न्हवतो त्या विमानात. आजची ड्युटी माझीच होती. काल्याला यायचं म्हणून जोजीला दिली. दोघं सापडले मच्छीमारांना. जोजी न्हाई सापडला आजून. माझ्या खोलीतला हाय तो, बाबा. सकाळी माझाच जेवणाचा डबा घिऊन गेला."

'देवा, तुझे उपकार' हे शब्द भुजंगरावांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथंच अडकले.

फोन ठेवून ते उठले. नर्मदाबाई डोळे मिटून तार छेडत होत्या, सुराचा पत्ता नव्हता, पण हात थांबत नव्हता. भुजंगरावांनी जवळ जाऊन सांगितलं, "बालाजी हाय. चांगला हाय."

नर्मदाबाईंनी वीणा छातीशी घट्ट धरली. गालांवरून पाणी वाहू लागलं. मग त्यांनी डोळे उघडले.

"मग त्याच्या जागी कोण गेलं?"

"दोस्त त्याचा. जोजी म्हणून. तिकडं केरळचा. सापडला न्हाई."

"त्याच्या मायला कळलंय का?"

हे भुजंगरावांनी विचारलंच नव्हतं. आजही.

दोनला भागवत हाशहुश करत आला, हातपाय धुतले आणि समोर वीणा धरलेली बाई पाहून जागीच थबकला. तरी रीतीनं पायाशी वाकला. नर्मदाबाईंनी मान हलवली.

"थांब बाबा. त्या लेकराचा पत्ता लागू दे."

"वहिनी, पण पहारा माझा..."

"असू दे, भागवत," भुजंगराव म्हणाले. "बस असा."

धम्मानंद शेजारी टेकला. भुजंगरावांनी त्याचा फोन आपल्या मांडीवर ठेवून घेतला, बालाजीचा पुन्हा आला तर ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला आणि कुसुमबाईंकडून टाळ मागून घेतले.