जर्मन न येणारं गाव

कॅप्टन ऑर्विल ट्रिंबल खरं तर कॅप्टन नव्हताच. वीस वर्षांपूर्वी फिलिपिन्सच्या लढाईत तो खेचरांच्या दाणापाण्यावरचा सार्जंट होता. परत आल्यावर आयोवातल्या त्याच्या गावाने त्याला आपणहून बढती दिली आणि त्यानेही ती नको म्हटली नाही. त्या बेटांवरच्या लोकांना स्पेनच्या जाचातून सोडवायला तो गेला होता. सोडवून झाल्यावर ते लोक ‘आता तुम्हीही निघा’ असं म्हणायला लागले, म्हणून त्यांना बदडायला आणखी थोडे दिवस राहावं लागलं. एवढ्या मुक्कामात तिथल्या भाषेचा एक शब्द आपल्या जिभेला शिवला नाही, याचा त्याला भारी अभिमान होता. “इंग्रजी जरा मोठ्याने बोललं की जगात कुणालाही कळतं,” असं तो आपल्या दुकानात खिळे तोलता तोलता गिऱ्हाइकांना सांगायचा.

पुढे अमेरिका जर्मनीशी लढायला उभी राहिली. परराष्ट्रांशी कसं वागावं हे कळणारा गावात दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे गावच्या संरक्षण समितीचं अध्यक्षपद ट्रिंबलकडे आलं. अडचण एवढीच होती की जर्मन सैन्य फ्रान्समध्ये, आणि ट्रिंबल आयोवात. पण मनात असलं की शत्रू घरबसल्याही सापडतो. गावात निम्मे लोक जर्मन मुळाचे होते: शेतकरी, पाववाले, लोहार. बापजाद्यांपासून इथलीच जमीन कसणारे, घरात आणि चर्चमध्ये जर्मन बोलणारे. ट्रिंबलने त्यांच्यापासूनच सुरुवात केली.

न्यू एम्डेन हे गावाचं नाव बदलून लिबर्टी झालं. आंबवलेल्या कोबीची पिंपं ‘स्वातंत्र्यकोबी’ म्हणून विकली जाऊ लागली. वास तोच राहिला. पाववाला डिर्क यान्सेन एका रात्रीत डिक जॉन्सन झाला. मग राज्यपालांचा हुकूम आला, की रस्त्यात, शाळेत, चर्चमध्ये, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. तो हुकूम ट्रिंबलने चर्चच्या व्यासपीठावरूनच वाचून दाखवला. पाद्रीबुवांची इंग्रजी हवापाणी आणि मक्याचा भाव यांच्यापुढे जात नव्हती. बिचाऱ्यांनी चंबूगबाळं आवरलं आणि दुसऱ्या राज्यात भावाकडे निघून गेले. लोहाराने आपल्या तान्ह्या मुलीला पुरताना दोन ओळी जर्मनमध्ये म्हटल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराला पिवळा रंग फासलेला होता. रंग ट्रिंबलच्या दुकानातलाच होता. देशद्रोह्याचं दार पिवळं, हा समितीचा नेम.

त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. उन्हाळा सरता सरता गावात जर्मन येणारं एकही माणूस उरलं नाही. तसं ट्रिंबलने जिल्ह्याला अभिमानाने कळवलंही.

आणि ऑक्टोबरात तार आली. ती उशिराच आली, कारण राज्यात लिबर्टी नावाची गावं आता बरीच झाली होती आणि तार त्यांतली दोन-तीन हिंडून आली होती. ट्रिंबलचा एकुलता एक मुलगा वेस्ली फ्रान्समध्ये लढाईत ठार झाला होता.

तार हातात घेऊन ट्रिंबल दुकानाच्या मागच्या खोलीत बसला. मग त्याला ओढ्यापलीकडची म्हातारी आठवली.

म्हातारी म्हणजे त्याची सासू, गेशे उबेन. ट्रिंबल खेचरं सांभाळत होता तेव्हा वेस्लीला तिने वाढवलं. आई गेल्यावरही पोर तिच्याच मळ्यावर लहानाचं मोठं झालं. म्हातारीला इंग्रजी येत नव्हती आणि जावयाला जर्मन. बावीस वर्षांत दोघांचं सरळ असं एक वाक्यही झालं नव्हतं. आधी बायको मधे उभी राहून दोन्हीकडचं सांगायची, मग वेस्ली सांगू लागला. स्टेशनवर निरोप घेताना वेस्ली म्हणाला होता, “बाबा, मला काही झालं तर आजीला तुम्ही स्वतः सांगायचं. बाहेरून नाही कळलं पाहिजे तिला.” ट्रिंबलने त्याच्या खांद्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

आता मधे उभं राहणारं कुणी नव्हतं.

तो रस्ता ओलांडून डिकच्या दुकानात शिरला. दोन बायका पाव घेत होत्या. समितीचा बिल्ला बघताच त्या पैसे ठेवून सटकल्या.

“डिक, मला एक माणूस पाहिजे. जर्मन येणारा. थोडाच वेळ.”

डिकचे हात पिठातच थांबले. “कुणाला धरायचंय, कॅप्टनसाहेब?”

“कुणाला नाही. काम आहे.”

“मग चुकीच्या दुकानात आलात. आपल्याला नाही बुवा येत.”

“अरे, चाळीस वर्षं बोलत होतास की!”

“विसरलो. लोहाराचं दार पिवळं झालं ना, त्याच दिवशी सगळी साफ विसरलो. आता घरातसुद्धा इंग्रजी. हिला ती येत नाही, त्यामुळे जूनपासून आमचं भांडण नाही बघा.”

“डिक, थट्टा नको. खरंच गरज आहे.”

“तेच तर! लोहारालाही खरंच गरज होती, साहेब.”

ट्रिंबलने तोंड उघडलं. कारण सांगितलं असतं तर डिक तसाच पिठाच्या हातांनी त्याच्याबरोबर निघाला असता, कारण वेस्ली लहानपणी याच दुकानात गोड पाव खाऊन वाढला होता. पण तारेतला तो शब्द ट्रिंबलच्या तोंडून फुटेना. तो एकदा म्हटला की खरा होणार होता. शिवाय म्हातारीच्या आधी गावाला कळलं असतं, आणि वेस्लीला दिलेला शब्द मोडला असता. तो तसाच मागे फिरला.

दुकानात येऊन त्याने टेलिफोनची मूठ गरागरा फिरवली आणि लांबलचक घंटा दिली. आग लागली किंवा वादळ येत असलं म्हणजे द्यायची ती घंटा. ओढ्याकाठच्या सगळ्या मळ्यांची मिळून टेलिफोनची एकच तार होती. घंटा कुणाचीही असो, कान सगळ्यांचे असायचे. यंत्रं उचलल्याची टकटक ऐकू आली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं झाकण वाजलं, कुणाचं तरी पोर खोकलं.

“मी कॅप्टन ट्रिंबल बोलतोय. तुमच्यात जर्मन कुणाला येतं? मी काही करणार नाही. शब्द देतो.”

नुसते श्वास ऐकू येत होते. जिच्या हाताखाली दोन पिढ्या जर्मन बोलायला शिकल्या ती फोल्कर्टची विधवा तिथे होती, लोहार होता, लोहाराची बायको होती. याच तारेवर गेल्या वर्षापर्यंत या बाया डुकरांच्या चरबीपासून सुनांच्या चालचलणुकीपर्यंत सगळं जर्मनमध्ये उरकायच्या.

“अहो, कुणीतरी बोला!” ट्रिंबल ओरडला.

अखेर फोल्कर्टबाईच घसा खाकरून मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “कॅप्टनसाहेब, इथे सगळे अमेरिकन. तुमच्या कृपेने.” आणि एकामागून एक यंत्रं खाली ठेवल्याचे आवाज आले.

त्यांची चूक नव्हती. हा सापळाच आहे अशी प्रत्येकाची खात्री होती, आणि ती खात्री ट्रिंबलनेच खपून त्यांच्या मनात बसवली होती. त्याने दुकानाला कुलूप लावलं, फोर्ड काढली आणि तो एकटाच ओढ्यापलीकडे निघाला. वाटेत मळ्यामळ्यांत मका खुडणारी माणसं गाडी बघून बोलायची थांबत होती. आपण कुठूनही गेलो की अशीच शांतता पसरते, हे ट्रिंबलच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. आजवर त्याला तो आदर वाटत आला होता.

गेशे उबेन अंगणात तांब्याच्या मोठ्या कढईत सफरचंदं आटवत होती. गाडीच्या आवाजाने तिने मान वर केली, जावयाच्या छातीवरचा बिल्ला पाहिला आणि तिच्या हातातला लाकडी डाव थांबला. मग तिने एप्रन सारखं केलं, चार पावलं पुढे आली आणि ताठ उभी राहिली.

“गुड मॉर्निंग, सर,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी अमेरिकन. मी जर्मन नाही बोलत.”

ट्रिंबल बघतच राहिला. मग त्याला उमगलं. म्हाताऱ्या बायकांना इंग्रजी शिकवण्याचा वर्ग शाळेत भरवावा, असं फर्मान समितीने काढलं होतं. खाली सही त्याचीच होती. सही केल्यावर वर्गाचं काय झालं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

“आई,” तो म्हणाला. आजवर त्याने तिला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. “आई, तुम्ही जर्मन बोला. हवं तेवढं बोला. मी काही करणार नाही.”

त्यातला ‘जर्मन’ एवढाच शब्द तिला कळला असावा. ती घाबरून मागे सरली आणि जोरजोरात मान हलवू लागली. “नाही, सर. जर्मन वाईट. इंग्रजी चांगली.” परीक्षाच चाललीय असं समजून तिने भराभर बोट दाखवत सगळा धडा म्हणून टाकला. “हे सफरचंद. ही कढई. हे माझं घर. हा माझा देश.” म्हणून झाल्यावर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“छान,” ट्रिंबल कसाबसा म्हणाला.

म्हातारीचा चेहरा उजळला. आता ती जरा जवळ आली आणि शब्द शोधत शोधत बोलू लागली. हे मात्र धड्यातलं नव्हतं, तिचं तिने जुळवलेलं होतं. “वेस्ली घरी येणार. मी वेस्लीशी इंग्रजी बोलणार. वेस्ली हसणार.” ती स्वतःच हसली. मग तिने विचारलं, “सर, वेस्ली कधी येणार?”

बावीस वर्षांत त्या बाईने विचारलेला हा पहिला प्रश्न होता जो त्याला सरळ, कुणाच्या मदतीशिवाय, अख्खाच्या अख्खा कळला. ट्रिंबलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलंही नाही. त्याने तिचे दोन्ही हात हातांत धरले. ते सफरचंदांनी चिकट झाले होते.

“वेस्ली ठार झाला, आई,” तो म्हणाला. “ठार.”

तिने कपाळाला आठ्या घातल्या. हा शब्द वर्गात अजून झाला नव्हता. ती त्याच्या ओठांकडे निरखून बघू लागली, शाळेतल्या बाईंच्या ओठांकडे बघायची तशी. त्याचं रडणं तिला दिसत होतं, पण ते तिला त्या शब्दाशी जोडता येत नव्हतं. सरकारी माणूस आपल्या मळ्यावर येऊन नवा शब्द शिकवतोय, तर तो नीट आला पाहिजे, एवढंच तिला कळत होतं.

“ठार,” तिने हळूच म्हणून पाहिलं. मग धीर आला तशी स्वच्छ आवाजात म्हणाली, “वेस्ली ठार. बरोबर, सर?”

“बरोबर,” कॅप्टन म्हणाला.